फक्त साडेपंधरा

मास्तरांना सुईची भीती वाटायची. हसू नका. बत्तीस वर्षं ज्याने सुईवर पोट भरलं, त्याला सुईची भीती नाही वाटणार तर कुणाला वाटणार? सुई काय करू शकते हे त्यांनी जवळून पाहिलं होतं. नवशिके असताना मशीनची सुई डाव्या हाताच्या बोटात शिरली होती, नखाच्या मधोमध, आणि खालून बाहेर आली होती. तेव्हापासून कापडातली सुई आपली आणि अंगातली सुई परकी, असा त्यांनी हिशेब बांधून टाकला होता. दाढ दुखली तर आठवडाभर गाल धरून बसतील, पण इंजेक्शनचं नाव काढलं की पाचावर धारण बसलीच म्हणून समजा. ही गोष्ट जगात एकट्या त्यांच्या बायकोला ठाऊक होती. दुकानात येणारे सगळे तिला वहिनी म्हणायचे, तेव्हा आपणही वहिनीच म्हणू.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. मोठा आरसा, कापायचं टेबल, पायडलचं जुनं मशीन, आणि मधल्या पडद्यापलीकडे संसार. मास्तर माप घेऊन आकडा बोलायचे आणि वहिनी तो वहीत लिहायच्या. अठ्ठावीस वर्षं हेच चाललं होतं.

आता माप देताना माणूस किती हळवा होतो, हे शिंप्यालाच विचारावं. एरवी चारचौघांत छाती काढून फिरणारा गडी, पण कमरेला टेप लागली की श्वास ओढून पोट पार पाठीला नेऊन लावतो. मास्तर अशा वेळी मुलाबाळांची चौकशी करत. बोलायचं म्हणजे श्वास सोडावा लागतो, आणि श्वास सोडला की पोट आपल्या हक्काच्या जागी परत येतं. पण खरा आकडा मोठ्याने बोलायचा कसा? मागे बाकावर शेजारी बसलेला, त्याच्या शेजारी गिऱ्हाइकाची सासू. म्हणून लग्नानंतर पहिल्याच वर्षी नवराबायकोंनी आपसात एक खूण ठरवली होती. मास्तरांनी एक इंच कमी बोलायचं आणि आकड्याआधी ‘फक्त’ म्हणायचं. ‘फक्त’ ऐकू आलं की वहिनींनी एक इंच वाढवून लिहायचं. ‘कंबर, फक्त अडतीस’ असं मास्तर म्हणाले की वहीत एकोणचाळीस. गिऱ्हाईक खूश, पँटही बरोबर, आणि कुणाला ताकास तूर नाही. पुढे पुढे तर वहिनींना विचारही करावा लागेना. कान ‘फक्त’ ऐकायचे आणि हात आपोआप इंच वाढवायचा.

हे सगळं आधी सांगतोय, कारण पुढच्या भानगडीचं मूळ इथेच आहे.

वहिनींच्या धाकट्या भावाने जुनी मोटार घेतली होती. तिच्या सीटची कव्हरं अर्थातच मास्तरांनी शिवून दिली, आणि अस्तराचं कापड आणायला जायचं होतं म्हणून मेहुण्याने हौसेने त्यांना पुढे शेजारी बसवून घेतलं. गाडी अशी चालली होती की सायकलवालेही ओलांडून जात होते.

‘भावोजी, रागावू नका, पण मागच्या सीटची शिलाई जरा वाकडी गेलीय,’ मेहुणा म्हणाला.

मास्तरांच्या बत्तीस वर्षांच्या कारकिर्दीत हे कुणी म्हणालं नव्हतं. ‘कुठे वाकडी?’

‘ही काय,’ म्हणून मेहुण्याने मान मागे वळवली आणि बोटाने दाखवलं.

‘समोर बघ,’ मास्तर म्हणाले. पण तोवर समोर उभा असलेला कचऱ्याचा ट्रक गाडीच्या नाकापर्यंत आला होता. म्हणजे ट्रक होता तिथेच होता, गाडी त्याच्यापर्यंत गेली. ट्रकचं काही वाकडं झालं नाही. गाडीचा एक दिवा फुटला आणि मास्तरांचा उजवा गुडघा समोरच्या डॅशबोर्डवर असा काही आपटला की त्यांच्या डोळ्यांपुढे बटणंच बटणं चमकली. त्यातही गुडघा धरून कळवळताना त्यांनी मागे वळून ती शिलाई पाहिलीच. पाव इंच वाकडी होती. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

घरी येईस्तोवर गुडघा टम्म फुगला होता. वहिनींनी भावाकडे एकदाच पाहिलं, आणि तो जो गाडी वळवून निघाला तो थेट डॉक्टरांच्या दारात.

डॉक्टर म्हणजे वयाने लहान बाई, पण काम चोख. मास्तरांना त्यांच्यातली एकच गोष्ट खटकली. अंगातल्या पांढऱ्या कोटाचे खांदे दोन बोटं खाली ओघळले होते. गुडघा ठणकत असतानाही मास्तरांची नजर तिथून हलेना. डॉक्टरबाईंनी एक्स-रे पाहिला, गुडघा इकडून तिकडून दाबून बघितला, टेप गुंडाळून माप घेतलं. उजवा गुडघा सतरा इंच, डावा पंधरा.

‘हाड शाबूत आहे. आतून मार लागलाय, पाणी झालंय,’ त्या म्हणाल्या. ‘पंधरा दिवस पाय उंचावर ठेवून पडायचं. बर्फाने शेकायचं. माझा जिना चढून यायचं नाही. घरी टेप आहेच, रोज माप घ्या, आणि दुखणं किती ते शून्य ते दहामध्ये लिहा. पंधरा दिवसांनी मला फोनवर सांगा. सूज उतरली तर उत्तम.’

‘आणि नाही उतरली तर?’ वहिनींनी विचारलं.

‘तर सुई घालून पाणी काढू. मोठं काही नाही. पण पाणी आत राहू द्यायचं नाही. गुडघा आखडला तर मास्तर, तुमचं ते पायडल कायमचं बंद होईल.’

मास्तरांनी त्यातला एकच शब्द ऐकला. घरी येताना वाटेत त्यांनी विचारलंसुद्धा, ‘केवढी असते गं ती सुई?’ वहिनी म्हणाल्या, ‘मला काय माहीत? गोधडीच्या सुईएवढी असेल.’ हे बोलायला नको होतं, असं त्यांना लगेच वाटलं, पण मास्तरांच्या तोंडचं पाणी तोवर पळालं होतं.

दुसऱ्या दिवसापासून गिऱ्हाइकांच्याच वहीत एका पानावर नवं माप सुरू झालं. मागच्या पानावर कुणाचा तरी कोट, पुढच्या पानावर कुणाचा झब्बा आणि मध्ये ‘गुडघा, उजवा’. दोन रकाने आखले, एक मापाचा, एक दुखण्याचा. मास्तर पलंगावर पाय उशीवर ठेवून पडायचे. त्यांनी उजव्या पायाची पँट शिवणीवर उसवून तिला मांडीपासून खालपर्यंत सात बटणं लावून घेतली होती, म्हणजे टेप लावताना नुसतं दार उघडल्यासारखं करायचं. रोज सकाळी दहा वाजता ते स्वतःच गुडघ्याला टेप लावत आणि पडद्याकडे तोंड करून आकडा सांगत. पडद्यापलीकडून वहिनी लिहीत.

पहिले तीन दिवस सतरा, सतरा, सतरा. दुखणं विचारलं की ‘आहे थोडं’ म्हणून मास्तर विषय बदलायचे.

चौथ्या दिवशी त्यांचं धाबं दणाणलं. असंच चाललं तर सुई काही चुकत नाही. आणि मग ज्या माणसाने उभ्या आयुष्यात कुणाच्या कापडातली चिंधी चोरली नाही, त्याने स्वतःच्या गुडघ्यातला दीड इंच चोरायचं ठरवलं. वहिनी भाजी आणायला गेल्या तेव्हा त्यांनी पलंगावरच बसून, हाताने, चार बोटं रुंदीच्या इलॅस्टिकचे तीन पट्टे जोडून एक जबरदस्त पट्टा शिवला. काम सुरेख झालं होतं, टाका टाक्याला लागून. रोज सकाळी आठ वाजता चादरीखाली पट्टा चढवायचा, दोन तास दात आवळून पडायचं, दहाला पट्टा उशीखाली सारायचा आणि लगेच टेप लावायची. श्वास ओढून पोट आत घेणाऱ्या गिऱ्हाइकांना आयुष्यभर मनात हसलेला माणूस आता स्वतः गुडघा आत ओढत होता.

पाचव्या दिवशी माप घेतलं आणि मास्तरांचा जीव भांड्यात पडला. ‘लिही गं,’ ते आनंदाने म्हणाले, ‘फक्त सोळा.’

वहिनींच्या हाताने लिहिलं, सतरा.

‘आणि दुखणं?’

‘फक्त तीन.’

पडद्यापलीकडून वही मिटल्याचा आवाज आला.

मेहुणा रोज संध्याकाळी यायचा. दारातूनच अपराधी चेहऱ्याने विचारायचा, ‘भावोजी, काय म्हणतोय गुडघा?’ आणि सोबत कुणाचा तरी नवा सल्ला आणायचा. एकदा कसलं तरी तेल, एकदा कुठल्या झाडाचा पाला, एकदा तर कुणाच्या दिवंगत आजोबांची काठी. ‘आमच्या मित्राच्या आजोबांना हिचा फार उपयोग झाला,’ तो म्हणाला. ‘गेले कशाने?’ मास्तरांनी विचारलं. मेहुण्याने काठी कोपऱ्यात ठेवली आणि विषय बदलला. मास्तर त्याला रोज एकच सांगत, ‘एकदम मस्त.’ आणि तो गेला की उशीत तोंड खुपसून दोन मिनिटं स्वस्थ पडून राहत. चादर बदलताना, अंघोळीला धरून नेताना वहिनी त्यांच्या तोंडाकडे बघत. मग पुढच्या कामाला लागत.

बारावा दिवस, ‘फक्त साडेपंधरा’. तेरावा, ‘फक्त साडेपंधरा’. पंधराव्या दिवशी वहिनींनी दुकानातून डॉक्टरबाईंना फोन लावला. पडद्याआडून मास्तरांना त्यांचं नुसतं ‘हो… हो… बरं’ ऐकू येत होतं. ते मनातल्या मनात पहिल्या कामाची आखणी करत होते. झब्बा आधी घ्यावा, कोट मागून.

वहिनी आत आल्या. ‘शुक्रवारी बोलावलंय. सुई घालायची म्हणतात.’

‘अगं, काय बोलतेस? दीड इंच उतरलीय सूज. टेप काय खोटं बोलते?’

‘टेप नाही बोलत खोटं,’ वहिनी म्हणाल्या आणि भांडी घासायला गेल्या.

शुक्रवारपर्यंत मास्तरांनी नाना युक्त्या केल्या. एकदा म्हणाले, डॉक्टरच कच्च्या आहेत, कोटाचे खांदे बघितलेस ना? एकदा म्हणाले, आपण नको जाऊया, अर्धवट राहिलेला झब्बा पुरा करतो. तसे उठलेसुद्धा, मशीनवर जाऊन बसले, उजवा पाय पायडलवर ठेवला आणि एकदाच दाबला. मशीन दोन टाके पुढे गेलं. मास्तर तसेच बसून राहिले. त्यांच्या कपाळावर घाम आला होता आणि त्या वेळी त्यांना सुईपेक्षाही मोठी भीती वाटली. हा पाय पुन्हा चाललाच नाही तर? पण ही भीतीही त्यांनी गिळली आणि ‘मशीनला तेल पाहिजे’ असं म्हणून लंगडत पलंगावर गेले.

शुक्रवारी मेहुण्याने त्यांना मागच्या सीटवर बसवून नेलं आणि जवळजवळ उचलूनच जिना चढवला. वर पोचताच मास्तर बाथरूममध्ये शिरले, पट्टा काढून खिशात कोंबला आणि शक्य तितक्या तोऱ्यात डॉक्टरबाईंच्या टेबलावर जाऊन पडले. सातही बटणं स्वतः उघडली. ‘घ्या माप.’

डॉक्टरबाईंनी टेप लावली. पुन्हा लावली. मग वही पाहिली. ‘इथे तर साडेसोळा लिहिलंय. आत्ता तर साडेपंधरा भरतंय.’

‘साडेपंधराच आहे,’ मास्तर म्हणाले. ‘मी रोज सांगतोय, फक्त साडेपंधरा.’

आणि बोलता बोलता त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. त्यांनी बायकोकडे पाहिलं. वहिनींनी वहीकडे पाहिलं. मेहुणा दोघांकडे आळीपाळीने बघत राहिला.

‘अगं,’ मास्तर म्हणाले, ‘तू ‘फक्त’ ऐकून इंच वाढवलास? माझ्या गुडघ्याला?’

‘तुम्हीच म्हणालात ‘फक्त’. हाताला काय कळतं, गुडघा कुणाचा आहे ते?’

मग डॉक्टरबाईंना सगळं उलगडून सांगावं लागलं. अठ्ठावीस वर्षांचं गुपित त्या खोलीत उघडं पडलं. मेहुण्याने तर तिथल्या तिथे स्वतःच्या कमरेकडे पाहिलं आणि विचारलं, ‘म्हणजे माझी चौतीस नाही?’ मास्तरांना आता चांगलाच चेव आला होता. ‘कापडात माया सोडतात, डॉक्टर. शिवणीला चार बोटं जास्त सोडली की पुढे उपयोगी पडतात. पण ही बाई गुडघ्यात माया सोडते. हिच्या एका इंचापायी तुम्ही मला भोसकणार होतात. चला, बटणं लावतो.’

‘थांबा,’ डॉक्टरबाई म्हणाल्या. त्या वाकून गुडघा निरखून बघत होत्या. ‘ही नक्षी कसली?’

गुडघ्याभोवती कातडीवर बारीक उभ्या रेघा उमटल्या होत्या आणि त्यांच्या मधून दोन सरळ आडव्या शिवणी, टाका टाक्याला लागून. काम इतकं सुबक होतं की कुणी शिवलंय हे विचारायची गरज नव्हती.

वहिनींनी शांतपणे हात पुढे केला. मास्तरांनी खिशातून पट्टा काढून त्यांच्या हातावर ठेवला. वहिनींनी तो दोन्ही हातांनी ताणून पाहिला, उलटा केला, शिलाई पाहिली. ‘सरळ घातलीय,’ त्या म्हणाल्या.

‘पाव तास असेच पडून राहा,’ डॉक्टरबाई म्हणाल्या.

तो पाव तास मास्तर छताकडे बघत राहिले. आयुष्यात इतका मोठा पाव तास त्यांनी पाहिला नव्हता. रेघा हळूहळू पुसट झाल्या आणि गुडघा सावकाश भरत आला. डॉक्टरबाईंनी पुन्हा टेप लावली आणि टेपचा आकडा त्यांच्यासमोर धरला. बरोबर साडेसोळा. वहिनींच्या वहीत होता तोच, ना सूतभर कमी ना सूतभर जास्त.

‘वहिनींच्या चुकीमुळे तुमचा पाय वाचला, मास्तर,’ डॉक्टरबाई म्हणाल्या. ‘पाणी तसंच आहे. बरं, वहीत दुखण्याचा रकाना रिकामा कसा?’

मास्तरांनी चमकून मान उचलली. रोज तर ते आकडा सांगत होते.

वहिनी वहीतल्या त्या कोऱ्या चौकोनांकडे बघत होत्या. ‘ते रोज ‘फक्त’ म्हणायचे, डॉक्टर. फक्त तीन, फक्त दोन. मापाचं मला ठाऊक आहे, एक इंच वाढवायचा. पण दुखण्यात किती वाढवायचं, ते आमचं कधी ठरलंच नाही. म्हणून जागा सोडत गेले.’

मेहुणा उगाच भिंतीवरचं हाडांचं चित्र वाचायला लागला. मास्तरांना बायकोच्या तोंडाकडे बघवेना. पंधरा दिवस ही बाई रोज सकाळी पेन हातात घेऊन पडद्यापलीकडे थांबत होती आणि आपण तिला गिऱ्हाईक समजून आकडे सांगत होतो. त्यांना मनापासून लाज वाटली.

‘आठ,’ ते म्हणाले.

वहिनींनी मान वर केली.

‘आठ आहे. उभं राहिलं की आठ. पायडल दाबलं तेव्हा तर…’ त्यांनी पायाकडे पाहिलं. ‘मला भीती वाटतेय गं. सुईचीही आणि पायाचीही.’

वहिनींनी आजच्या चौकोनात लिहिलं, आठ. काही वाढवलं नाही. मग वही बाजूला ठेवून त्यांनी मास्तरांचा हात धरला, तोच डावा हात, नखात अजून डाग असलेला. डॉक्टरबाईंनी आधी बारीक सुईने जागा बधिर केली आणि मग मोठी सुई काढली. मास्तरांनी डोळे मिटून कोटाच्या ओघळलेल्या खांद्यांचा विचार केला. दुखलं, चांगलंच दुखलं, आणि त्यांनी मोठ्याने ‘दुखतंय’ म्हणून सांगितलंही. मग हळूहळू आतला ताण असा सैल झाला की उसवलेल्या घट्ट कपड्यातून बाहेर पडल्यासारखं वाटलं.

परत येताना नवराबायको दोघंही मागच्या सीटवर बसली. मेहुणा दोन्ही हातांनी चाक धरून, पुढे वाकून गाडी हाकत होता. वहिनींनी मांडीवर वही उघडली.

‘मागचे चौकोन भरायचेत. खरं सांगा. पहिल्या दिवशी किती?’

‘नऊ.’

‘दुसऱ्या?’

‘नऊच. तू बर्फ लावून दिलास तेव्हा जरा सात झालं होतं.’

‘पाचव्या दिवशी? ‘फक्त तीन’ म्हणाला होतात तो.’

‘त्या दिवशी पट्टा घातला होता,’ मास्तर म्हणाले. ‘दहा.’

वहिनी लिहीत गेल्या. पुढे मेहुणा प्रत्येक आकड्याला गाडी आणखी हळू करत होता. एक म्हातारे गृहस्थ फुटपाथवरून त्यांना ओलांडून पुढे गेले. पंधराव्या चौकोनापर्यंत येईस्तोवर घर दिसायला लागलं होतं. वहिनींनी पान पुरं केलं, पण वही मिटली नाही.

‘आणखी काही राहिलंय?’

मास्तरांचा हात आपल्याच मांडीजवळच्या सीटवरून, कव्हरच्या शिवणीवरून एकदा फिरला.

‘ही शिलाई वाकडीच आहे,’ ते म्हणाले. ‘पाव इंच. उसवून पुन्हा घालून देतो.’

मेहुण्याने आनंदाने मान मागे वळवली.

‘समोर बघ,’ दोघंही एकदम म्हणाली.